गुन्हा नोंद असताना परदेशी जायचं: पासपोर्ट, कोर्टाची परवानगी आणि व्हिसाचे फॉर्म

बावडा_नाका

कोल्हापुरात या विषयावर दोन समजुती ठाम बसल्यात. एक, "एफआयआर झाला की पासपोर्ट गेला". दुसरी, "दंड भरला, विषय संपला, आता कुठं लिहायची गरज नाही". पहिलीपायी माणसं विनाकारण घरी बसतात, दुसरीपायी व्हिसा कायमचा घालवून बसतात. म्हणून हा धागा. वकील, एजंट, कोर्टात वावरणारी मंडळी, सगळ्यांनी भर घाला. स्वतःच्या केसची कहाणी, नावं, गुन्हा नंबर इथं टाकू नका. कलम आणि टप्पा सांगितला तरी पुरतं.

सुरुवात पासपोर्टपासून. पासपोर्ट कायदा १९६७, कलम ६(२). त्यात आपल्या कामाची पोटकलमं तीन. (ई) म्हणजे अर्जाच्या आधीच्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या (फसवणूक, चोरीसारख्या) गुन्ह्यात दोषी ठरून किमान २ वर्षांची कैद झालेली असणं. (एफ) म्हणजे भारतातल्या फौजदारी कोर्टात खटला प्रलंबित असणं. (जी) म्हणजे कोर्टाचं वॉरंट किंवा समन्स निघालेलं असणं, किंवा देश सोडायला कोर्टाची मनाई असणं.

यात एफआयआर कुठंच नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या १० ऑक्टोबर २०१९ च्या ज्ञापनात ते सरळ लिहिलंय: नुसता एफआयआर किंवा चालू तपास (एफ) मध्ये बसत नाही, प्रकरण कोर्टात जाऊन कोर्टाने दखल घेतलेली पाहिजे. म्हणजे चार्जशीट जाऊन आर.सी.सी. (नियमित फौजदारी) किंवा एस.सी.सी. (संक्षिप्त फौजदारी) केसचा नंबर पडला की मग (एफ)चा प्रश्न येतो.

गडहिंग्लजकर

पण केस कुठल्या टप्प्यावर आहे हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतंय. जामीन झाला, दोन तारखा केल्या, नंतर कुणी विचारलं न्हाई. ते आधी कसं बघायचं?

नक्कल_अर्ज

ई-कोर्ट्सच्या साईटवर कोल्हापूर जिल्हा निवडा, मग कोर्ट संकुल. जिल्ह्याचं ठिकाण धरू नका. गुन्हा ज्या तालुक्यात घडला तिथलं कोर्ट निवडा. पक्षकाराच्या नावाने शोधताना स्पेलिंगने घात होतो: एकाच माणसाचं आडनाव चार्जशीटला एक आणि आधारला दुसरं. म्हणून पोलीस ठाणं, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून शोधलेलं बरं. केस सापडली की सीएनआर (अक्षरं आणि आकडे मिळून १६ चिन्हांचा केसचा ओळख क्रमांक) लिहून ठेवा, पुढं सगळीकडं तोच चालतो.

साईटवर सापडलं नाही तर तीन शक्यता. तपास अजून चालू आहे, किंवा पोलिसांनी समरी (तपास बंद करायचा) अहवाल पाठवलाय, किंवा केस इतकी जुनी आहे की संगणकावर चढलीच नाही. समरीत 'ए' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'बी' म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, 'सी' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचा प्रकार. पोलिसांनी अहवाल पाठवला एवढ्याने भागत नाही. मॅजिस्ट्रेटनी तो मंजूर केल्याचा आदेश हातात पाहिजे.

निकाल लागलेल्या केसची सर्टिफाईड नक्कल काढा. नक्कल विभागात अर्ज करताना केस नंबर आणि निकालाची तारीख लागते. तारीख नसेल तर आधी शोध अर्ज. एकदम दोन-तीन प्रती घ्या, एक पासपोर्टला जाते, एक व्हिसाला, एक घरात. जुनं रेकॉर्ड नष्ट झालंय असं उत्तर आलं तर तेच लेखी, शिक्क्यासह घ्या. वकिलातीपुढं "कागद मिळत नाही" हे तोंडी सांगून उपयोग नसतो. आणि तालुका कोर्टाचे आदेश बहुधा मराठीत असतात, इंग्रजी भाषांतर करून ठेवा.

मिसळ_कट

मटक्याच्या केसात दंड भरला तर ती शिक्षा धरायची का? ५०० रुपडे भरून सोडतात की.

बावडा_नाका

धरायची. जुगार कायदा १८८७ चं कलम १२(अ) असो की दारूबंदीचं, कोर्टापुढं "गुन्हा कबूल" म्हणून दंड भरला की ती दोषसिद्धी झाली. दंड किती, त्याला महत्त्व नाही. पासपोर्टला याने अडत नाही, कारण (ई)ला २ वर्षांची कैद लागते आणि खटला संपल्यामुळे (एफ)ही उरत नाही. पण व्हिसाच्या फॉर्मात "कधी दोषी ठरला आहात का" याचं उत्तर "हो" असतं. तिथं लोक फसतात. कोर्टात तारखा वाचवायला पहिल्याच दिवशी कबूल करून टाकतात आणि पोरगं कॅनडाला अर्ज करायला बसलं की तो कागद वर येतो.

बाकीचे प्रकार पटापट:

चेक बाऊन्स. कलम १३८ ची केस फौजदारीच आहे, पैशाचा वाद म्हणून सोडू नका. कोर्टाने दखल घेऊन समन्स काढलं की (एफ) आणि (जी) दोन्ही लागू. गुजरी, शाहूपुरी, इचलकरंजीचे व्यापारी यातच सर्वात जास्त अडकतात. चांगली बाजू ही की कलम १४७ प्रमाणे ती तडजोडीने मिटते.

चॅप्टर केस. पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) १०७ आणि ११०, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १२६ आणि १२९. ही प्रतिबंधक कारवाई, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढची. गुन्ह्याचा खटला नव्हे. तरी पोलीस पडताळणीच्या अहवालात तिचा उल्लेख येतो, म्हणून बंधपत्राची मुदत संपल्याचा कागद जवळ असू द्या.

लोकअदालत. "आपसात मिटलं" एवढंच सांगू नका, आदेश वाचा. तडजोडीस पात्र गुन्हा कायद्याप्रमाणे मिटला की त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. पण त्याच दिवशी, त्याच मांडवात कबुली देऊन दंड भरलेल्या केसेसही निकाली निघतात. त्या दोषसिद्धीत जातात.

वाहतुकीचं साधं ई-चलान यात कुठंच नाही. दारू पिऊन गाडी, मोटार वाहन कायदा कलम १८५, मात्र पूर्ण फौजदारी आहे.

दसरा_चौक

आंदोलनाच्या केसेस राहिल्या. ऊसदर, टोल, रास्ता रोको. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं जमावबंदीचं ३७(१) आणि १३५, जुन्या भारतीय दंड संहितेचं बेकायदा जमावाचं १४३, रस्ता अडवल्याचं ३४१. शंभर-दीडशे जणांची नावं एका चार्जशीटात आणि निम्म्यांना समन्सच पोचलेलं नसतं.

सरकारने गुन्हे मागे घेतल्याची घोषणा पेपरात आली म्हणजे केस संपली असं समजू नका. शासन निर्णय, मग समितीची शिफारस, मग सरकारी वकिलाचा कोर्टात अर्ज, आणि मग कोर्टाची संमती. पूर्वीचं सीआरपीसी कलम ३२१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३६०. कोर्टाचा आदेश होईपर्यंत ई-कोर्ट्सवर ती 'प्रलंबित' दिसणार आणि पासपोर्टच्या फॉर्मात तुम्हाला "हो" लिहावंच लागणार. चुकीचं लिहिलं किंवा माहिती दडवली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय कलम १०(३)(बी) खाली पासपोर्ट जप्त होतो तो वेगळाच. ज्या आंदोलनाच्या केसमध्ये कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मिळाला असता, ती लपवल्याने तो अडतो.

नक्कल_अर्ज

आता मुख्य काम, कोर्टाची परवानगी. खटला प्रलंबित असला तरी मार्ग आहे आणि तो जुना आहे: २५ ऑगस्ट १९९३ ची अधिसूचना, जी.एस.आर. ५७०(ई). ज्या कोर्टात खटला चालू आहे त्याने देशाबाहेर जायला परवानगी दिली की (एफ)चा अडथळा बाजूला होतो. पासपोर्ट कार्यालयाला हमीपत्र द्यावं लागतं की कोर्ट बोलावील तेव्हा हजर राहीन.

अर्ज त्याच कोर्टात, जिथं केस आहे. दोन केसेस दोन कोर्टात असतील तर दोन अर्ज, दोन आदेश. एकाच आदेशावर कार्यालय पुढं जात नाही.

अर्जात दोन मागण्या वेगवेगळ्या लिहा: नवा पासपोर्ट किंवा नूतनीकरणाची परवानगी, आणि प्रत्यक्ष प्रवासाची परवानगी. प्रवास ठरला नसेल तर पहिलीच मागा. ठरला असेल तर देश, जाण्या-येण्याच्या तारखा, कारण, राहण्याचा पत्ता, निमंत्रण किंवा हॉटेल बुकिंग जोडा. तिकीट आधी काढायची घाई नको, काढलंच तर रद्द करता येणारं काढा. सरकारी वकिलांचा 'से' (लेखी म्हणणं) आल्याशिवाय आदेश होत नाही आणि त्यात एक-दोन तारखा जातात.

सर्वात महत्त्वाचं वाक्य म्हणजे पासपोर्टची मुदत. अधिसूचनेप्रमाणे आदेशात मुदत लिहिलेली असेल तर तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो. मुदत लिहिलीच नाही तर १ वर्षाचा. प्रवासाची परवानगी १ वर्षाहून कमी काळाची असेल आणि पासपोर्टच्या मुदतीबद्दल आदेश गप्प असेल, तरी १ वर्षाचाच. म्हणून मागणीत स्पष्ट लिहा, "१० वर्षे मुदतीचा पासपोर्ट देण्यास परवानगी असावी", आणि आदेशातही तो आकडा उतरलाय का ते त्याच दिवशी वाचा. "हरकत नाही" एवढाच आदेश हा १ वर्षाचाच पासपोर्ट समजा.

उजळाईवाडी_टेकऑफ

१ वर्षाच्या पासपोर्टची अडचण एजंट सांगत नाहीत, मी सांगतो. सिंगापूर, थायलंड, आखाती देश उतरायच्या दिवशी ६ महिने मुदत शिल्लक मागतात. युरोपात शेंगेनमधून परतायच्या तारखेनंतर ३ महिने. म्हणजे १ वर्षातलं अर्धंच वापरता येतं, आणि त्यातही व्हिसाच्या अपॉइंटमेंटची वाट बघण्यात काही महिने जातात. हाताशी उरतो एखादा सीझन.

नूतनीकरण एकेका वर्षाने होतं, पण अट अशी की मंजूर केलेला प्रवास झालेला नसावा आणि कोर्टाचा आदेश रद्द किंवा बदललेला नसावा. प्रवास करून आलात की पुढच्या वेळी नवा आदेश.

पंचगंगाकाठ

जामिनाच्या आदेशात "कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडायचा नाही" अशी अट असेल तर नुसता पासपोर्टचा अर्ज पुरतो का?

नक्कल_अर्ज

नाही. जामीन ज्या कोर्टाने दिला त्याच्याकडून ती अट शिथिल करून घ्यायची. अटकपूर्व जामीन उच्च न्यायालयाचा असेल तर तिकडं. त्यासाठी आता मुंबईला पळायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच भरतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथं येतात. गुन्हा रद्द करायची याचिकाही तिथंच, पूर्वीचं सीआरपीसी ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८.

इचलकरंजी_लूम

शिक्षा झाली, अपील चालू हाय, शिक्षेला स्थगिती हाय. मग पासपोर्ट?

बावडा_नाका

स्थगिती शिक्षेच्या अंमलबजावणीला असते, दोषसिद्धी तशीच राहते. पासपोर्टपुरतं बघायचं तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये वंगला कस्तुरी रंगाचार्युलू प्रकरणात सांगितलंय की फौजदारी अपील प्रलंबित आहे एवढ्यावर नूतनीकरण नाकारता येत नाही. शिक्षा २ वर्षांपेक्षा कमी असेल तर (ई)ही लागत नाही. २ वर्षं किंवा जास्त असेल तर मात्र अपील कोर्टाकडून स्पष्ट आदेश घेतल्याशिवाय अर्ज भरू नका, फी आणि वेळ दोन्ही वाया जातात.

आणखी एक. कोर्टाला किंवा पोलिसांना पासपोर्ट कायमचा अडकवून ठेवता येत नाही. पोलीस तपासात तो ताब्यात घेऊ शकतात, पण जप्त करून रोखून ठेवायचा अधिकार पासपोर्ट प्राधिकाऱ्याचा. सुरेश नंदा प्रकरण, २००८. पासपोर्ट ठाण्यात पडून असेल तर हा मुद्दा वकिलांना दाखवा.

दसरा_चौक

पोलीस पडताळणीबद्दल. कोल्हापूर पुणे प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. पोस्टातल्या केंद्रात फोटो आणि बोटांचे ठसे झाले तरी निर्णय पुण्याचा. ठाण्यातला कर्मचारी घरी येतो तेव्हा निकाल लागलेल्या केसची नक्कल त्याच्या हातात द्या. ठाण्याच्या नोंदीत गुन्हा असतो, पण निकाल चढलेलाच नसतो. मग सुटून दहा वर्षं झालेल्या माणसाचा अहवाल 'प्रतिकूल' जातो. उपाय म्हणजे निकालाची नक्कल जोडून ठाण्यात अर्ज द्यायचा, नोंद अद्ययावत करा म्हणून, आणि त्याची पोच घ्यायची.

प्रतिकूल अहवाल गेला की पुण्याहून कारणे दाखवा नोटीस येते. तिच्याकडं दुर्लक्ष केलं की फाईल बंद. उत्तरात भावनिक काही लिहू नका: केस नंबर, निकाल, नक्कल जोडली आहे, बस. लेखी नकार आला तर ३० दिवसांत मुख्य पासपोर्ट अधिकाऱ्याकडं अपील, कलम ११. तत्काळचे जादा २,००० भरून यातलं काहीच टळत नाही.

उजळाईवाडी_टेकऑफ

आता व्हिसा. पासपोर्ट मिळाला म्हणजे व्हिसा मिळेल असा संबंध नाही, प्रत्येक देश आपला कायदा लावतो.

अमेरिका. डीएस-१६० या व्हिसा फॉर्मच्या सुरक्षाविषयक दुसऱ्या भागातला प्रश्न "कधी अटक झाली का किंवा दोषी ठरलात का" असा आहे, माफी मिळालेली असली तरी. म्हणजे निर्दोष सुटला तरी अटक झाली असेल तर "हो". "हो" म्हणजे नकार नव्हे. खाली कलम, तारीख, निकाल लिहायचा आणि मुलाखतीला नक्कल, भाषांतर न्यायचं. खोटं उत्तर पकडलं गेलं तर चुकीच्या माहितीबद्दल कायमची अपात्रता, आणि ती मूळ गुन्ह्यापेक्षा जड पडते.

नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी असाल तर तिथं किरकोळ गुन्ह्याचा अपवाद आहे: गुन्हा आयुष्यात एकच, त्या कलमाची कमाल शिक्षा १ वर्षापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्यक्ष शिक्षा ६ महिन्यांपेक्षा जास्त नाही. आपल्याकडच्या ४२० ची कमाल शिक्षा ७ वर्षं, म्हणून कोर्टाने नुसता दंड केला तरी तो अपवाद लागत नाही. मग त्यांच्या स्थलांतर कायद्याच्या कलम २१२(डी)(३) ची तात्पुरती सवलत मागावी लागते. तिची शिफारस अधिकारी करतो आणि तिला महिने लागतात. अमली पदार्थांना हा अपवाद जवळपास नाहीच. गेल्या ५ वर्षांत दारू पिऊन गाडीची अटक असेल तर त्यांच्या नेमलेल्या डॉक्टरकडं तपासणीला पाठवतात.

कॅनडा. तिथं तुमच्या कलमाची कमाल शिक्षा बघत नाहीत, तेच कृत्य कॅनडात केलं असतं तर किती शिक्षा, हे बघतात. १८ डिसेंबर २०१८ पासून तिथं दारू पिऊन गाडीला कमाल १० वर्षं झाली, म्हणून तो आता गंभीर गुन्हा. कितीही वर्षं गेली तरी आपोआप 'पुनर्वसित' (सुधारलेला) धरत नाहीत. शिक्षा, दंड सगळं संपून ५ वर्षं झाल्यावर पुनर्वसनाचा अर्ज, त्याआधी जायचं तर तात्पुरत्या निवासाचा परवाना. यात एक बारकावा आहे. आपल्याकडं मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल, कॅनडात ८०. रीडिंग ४५ असेल तर त्यांच्या आकड्याचा गुन्हा झालाच नाही असं मांडता येतं. म्हणून ब्रेथ अ‍ॅनालायझरची पट्टी किंवा तिची नोंद असलेली चार्जशीट काढून ठेवा. गाडी चालवण्याची क्षमता बिघडली होती हा त्यांचा वेगळा मुद्दा उरतो, तो अधिकारी ठरवतो.

ब्रिटन. १२ महिने किंवा जास्त कैद झाली असेल तर नकार. त्याहून कमी असेल तर पर्यटक व्हिसाला शिक्षा संपून १२ महिने गेलेले लागतात. खोटं लिहिलं तर १० वर्षांची बंदी. ऑस्ट्रेलियात चारित्र्य चाचणीची रेषा एकूण १२ महिने कैदेची, खोट्या माहितीला ३ वर्षांची बंदी. न्यूझीलंडला गेल्या १० वर्षांत १२ महिने कैद. जपानला १ वर्ष कैद, आणि अमली पदार्थांची शिक्षा कितीही छोटी असली तरी प्रवेश नाही.

शेंगेनच्या अल्पमुदतीच्या फॉर्मात गुन्ह्याचा प्रश्नच नाही. न विचारलेलं लिहू नका. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या दीर्घ व्हिसाला वेगळा फॉर्म असतो, तो नीट वाचा.

कुवेतसारख्या ठिकाणी नोकरीला पीसीसी (पोलिसांचं ना-हरकत प्रमाणपत्र) लागतं. ते पासपोर्ट सेवाच्या साईटवरून काढायचं, फी ५०० रुपये. राज्य पोलिसांच्या साईटवरचं चारित्र्य प्रमाणपत्र इथल्या नोकऱ्यांसाठी असतं, परदेशासाठी ते चालवून घेत नाहीत. खटला प्रलंबित असेल तर पीसीसी अडतं, म्हणून नोकरीचा करार सही करण्याआधी ते काढा.

मिसळ_कट

आणि मुंबईच्या विमानतळावर लुकआऊट निघालं तर? उजळाईवाडीला काय कळतंय का आधी?

पंचगंगाकाठ

उजळाईवाडीहून देशातलीच उड्डाणं, तिथं इमिग्रेशन नाही. कळतं ते मुंबई, पुणे, गोव्याच्या काउंटरवर. लुकआऊट म्हणजे माणूस देशाबाहेर जाताना अडवायची इमिग्रेशनला सूचना. ती बहुधा दखलपात्र गुन्ह्यात, पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून निघतं. २०२१ च्या सूचनांनुसार ते मुदत संपून आपोआप जात नाही, ज्याने मागितलं त्यानेच रद्द करायला सांगावं लागतं. म्हणून केस सुटली, गुन्हा रद्द झाला तरी आदेशाची प्रत तपास अधिकाऱ्याकडं आणि अधीक्षक कार्यालयात देऊन लुकआऊट रद्द करायचा लेखी अर्ज करा. ४९८-अ (सासरच्या छळाच्या) केसमध्ये नवरा परदेशात असतो तेव्हा हे हमखास निघतं आणि तडजोड झाल्यावर हमखास विसरलं जातं. सरकारी बँकांच्या विनंतीवरून निघालेली लुकआऊट मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरवलीत, कर्जवाल्यांनी तो निकाल वकिलांकडून बघून घ्यावा.

प्रवासात कोर्टाच्या परवानगीचा मूळ आदेश हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको.

नक्कल_अर्ज

परत आल्यावरचं काम राहिलं. आदेशात दिलेल्या दिवसांत कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) द्यायची, सोबत जाण्या-येण्याच्या शिक्क्यांच्या पानांची झेरॉक्स. अनामत भरली असेल तर परताव्याचा अर्ज त्याच दिवशी. पासपोर्ट परत जमा करायची अट असेल तर जमा करताना पानं मोजून पोच घ्या, व्हिसा कुठल्या पानावर आहे तेही पोचेत लिहून मागा. मधली तारीख चुकणार असेल तर जाण्याआधीच हजेरी माफीचा अर्ज वकिलांमार्फत मंजूर करून घ्या. नुसती परवानगी आहे म्हणून गैरहजर राहिलात आणि त्या दिवशी वॉरंट निघालं, तर (जी) लागू झालं आणि पुढचं नूतनीकरण अडलं.